निवेदकाचा जबडा

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून लिहितोय, नाहीतर वहीचा आणि माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. सत्तावीस वर्षं कुस्तीच्या मैदानात माइक धरून बोलतोय. निवेदक मानसिंग म्हटलं की कराड, कोरेगावपासून आटपाडीपर्यंत लोक ओळखतात. बोलायला सांगा, चार तास पाणी न पिता बोलेन. लिहायला बसलो की घाम फुटतो.

पण वर्षभर उजवा गाल दुखतोय. कानापुढून सुरू होतं, खालच्या दाढेत उतरतं, मग वर कानशिलात चढतं. तोंड उघडलं तर जेमतेम दोन बोटं आत जातात. उंब्रजला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने फोटो काढून सांगितलं, दाढ चांगली आहे. मी म्हणालो, दुखतीय ती चांगली कशी? काढा. तो नको नको म्हणत होता, मी खुर्चीतून उठेना. शेवटी काढली. आठवड्यात शेजारची दुखायला लागली, तीही हट्टाने काढायला लावली. आता वरची दुखतीय.

बायको, माया, म्हणाली, "आवं, अशानं यात्रेपतुर तोंडाचं बोळकं हुईल. मग मायकावर काय फू फू करणार व्हय?"

तिनेच आज सांगलीला नेलं. डॉक्टर प्रियदर्शनी, वयाने माझ्या लेकीएवढ्या. दाताकडे त्यांनी बघितलंच नाही. दोन बोटांनी गालाचा मागचा भाग दाबला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. म्हणाल्या, "काका, दुखणं इथं आहे. दाढा बिचाऱ्या निर्दोष होत्या."

वही ठेवायला त्यांनीच सांगितलं. रोज दहापैकी किती दुखलं, त्या दिवशी काय केलं, काय खाल्लं, कोण आलं-गेलं, सगळं लिहायचं. अठरा तारखेला दाखवायचं. तोवर एकही दात काढायचा नाही.

गावच्या यात्रेचं मैदान एकवीस एप्रिलला आहे. तोवर तोंड उघडलं नाही तर माइक दुसऱ्याच्या हातात जाईल. तसं झालं तर मला सहन होणार नाही, हे इथे लिहून ठेवतो.

दुखणं : ७

४ मार्च, मंगळवार

काल बाईंनी सांगितलेलं विसरायच्या आत लिहितो. गालफडाच्या हाडापासून खाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत एक जाड स्नायू असतो. चावायचा स्नायू. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला. आणखी दोन आतल्या बाजूला, ते बोटाला लागत नाहीत. माझे हात गालांवर ठेवायला लावून त्या म्हणाल्या, दात आवळा. आवळले तर तळव्याखाली गोळा टच्चकन वर आला, दंडात बेटकुळी येते तसा. पन्नाशी उलटली तरी माझ्या अंगात कुठेतरी अजून पैलवान शिल्लक आहे हे बघून जरा बरंच वाटलं.

त्या म्हणाल्या, हा स्नायू आखडला की दुखणं दाढेत गेल्यासारखं वाटतं. चोर एकीकडे आणि बोंब दुसरीकडे. जेवण सोडलं तर दिवसभर वरचे दात खालच्याला लागायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे. गरम फडक्याने शेक, मऊ खाणं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. दोन महिने मी जबड्याची तालीम करतोय. सकाळी मूठभर भाजलेले हरभरे आणि संध्याकाळी उसाचं एक कांडं, दातांनीच सोलून. आमच्या वस्तादांनी दंड दुखतो म्हणणाऱ्याला कधी झोपू दिलं नाही, आणखी पन्नास जोर मारायला लावले. स्नायू आहे म्हटल्यावर तर माझा इलाज बरोबरच होता म्हणायचा. आजपासून हरभरे दोन मुठी.

दुखणं : ८. वारं फार होतं.

९ मार्च, रविवार

भाऊसो आला होता. माझा चुलतभाऊ, यात्रा कमिटीचा अध्यक्ष. यंदाही एक नंबरची, म्हणजे शेवटची मानाची कुस्ती त्याच्या पोराची, दिग्विजयची ठरली, हे सांगायला आला. समोरचा जोड कोल्हापूरकडचा आहे. तासभर बसला. मी हूं हूं करत होतो.

जाताना म्हणाला, "मानसिंग, गड्या, तोंडाचं काय ते बग. न्हाईतर मला दुसरा मानूस बगाय लागंल."

दुखणं : ९. चहा फार गरम होता.

१० मार्च, सोमवार

बाईंनी विचारलं होतं, दुखणं कधीपासून. मी म्हणालो, गेल्या यात्रेपासून. त्या म्हणाल्या, त्या दिवशी काय झालं तेही लिहा. काय व्हायचंय? चार तास ओरडलो, जबडा दमला.

तरी लिहितो. एक नंबरची कुस्ती दिग्विजय आणि माणदेशचा रविराज यांच्यात होती. रविराजचा बाप ज्योतिबा मेंढरं राखतो, आटपाडीच्या पलीकडे वस्ती आहे. अंधार पडायला आला होता. रविराजने घिस्सा डाव मारला आणि दोघे माझ्यापासून हातभर अंतरावर खाली आले. त्याच क्षणी लोक उठून आत घुसले, मोबाइलवाल्यांना काही दिसलं नाही. पंच पलीकडच्या बाजूला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. भाऊसो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बरोबरी म्हन." मी माइकवर बरोबरी म्हणालो. चांदीची गदा कमिटीकडेच राहिली.

निकाल कमिटीचा असतो. माझं काम जाहीर करायचं.

दुखणं : ८

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

मायाचं म्हणणं पडलं, तोंडाला विश्रांती द्या. म्हणून मंगळवारपासून मौन धरलं. पाटी गळ्यात अडकवायची तेवढी बाकी होती. घरात बसून होतो. भाऊसो रोज संध्याकाळी यायचा आणि एकटाच बोलायचा. मंगळ ८, बुध ८, गुरु ९.

आज कोरेगावकडे एक छोटं मैदान होतं. तिथला निवेदक आला नाही म्हणून मला ओढून नेलं. मौन मोडलं. साडेतीन तास बोललो. आरोळ्या मारल्या, पैलवानांच्या आज्यांची नावं काढली, लोकांना हसवलं. घरी आलो तर गाल हलका.

दुखणं : ३

काहीतरी उलटा कारभार आहे. नाही बोललो की दुखतं आणि बोललो की थांबतं. हा रोग माझ्यासारखाच आडमुठा दिसतोय.

१८ मार्च, मंगळवार

सांगलीला दिग्विजयने गाडीतून नेलं. शंभर किलोचा गडी, पण वाटेत शब्द नाही. एकदाच म्हणाला, "तात्या, रविराज आता कुठल्याच मैदानात दिसत न्हाई." मी म्हणालो, दिसंल की.

बाईंनी वही सगळी वाचली. हरभऱ्याच्या पानावर आल्या आणि डोक्याला हात लावला.

"काका, मी मऊ खायला सांगितलं आणि तुम्ही ऊस सोलताय? दातांनी?"

मी वस्तादांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "तुमचा स्नायू कमजोर नाही, उलट त्याला सुट्टीच मिळत नाही. दिवसभर जोर काढणाऱ्याला आणखी जोर काढायला लावताय." हे मात्र पटलं. एवढ्या वर्षांत कुणी असं समजेल असं बोललं नव्हतं.

मग लाल पेनाने पानांवर गोल करत गेल्या. पाच गोल झाले. वही माझ्यापुढे सरकवली.

"हे भाऊसो कोण?"

"माझा चुलतभाऊ."

"ते आले, नाहीतर त्यांचं नाव निघालं, की तुमचं दुखणं आठ-नऊ. ते आल्यावर तुम्ही काय करता?"

"काही नाही. गप्प बसतो."

"दात कुठं असतात तेव्हा?"

मी म्हणालो, तोंडातच असतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कारण काय ते मी विचारत नाही. स्नायूला कारण कळत नाही, दात आवळले एवढंच कळतं. पण तुम्ही लक्ष ठेवा."

झोपताना दातांत घालायला प्लॅस्टिकचं एक कव्हर करून देणार आहेत. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून दात सुटे ठेवायचा सराव दिवसातून दहादा. हरभरे बंद, ऊस बंद.

भाऊसोचा आणि दाढेचा काय संबंध? बाई हुशार आहेत, पण गावकीतलं त्यांना काय कळणार.

दुखणं : ६

२३ मार्च, रविवार

घरी मुंडी आणली होती. माया सुरीने बोकडाच्या जबड्याचं मटण सोडवत होती, मी शेजारी जाऊन बसलो. गालफडाच्या हाडापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, बाईंनी सांगितलेला तोच स्नायू. तळहाताएवढा जाड आणि धागे तिरपे. माया म्हणाली, "ह्योच सगळ्यात चिवट. दिसभर रवंथ करतंय न्हवं, त्यो हितं साठतोय. लय येळ शिजवाय लागतंय."

मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत होतो. तिने काढून पातेल्यात टाकला.

दुखणं : ४. रस्सा भाकरी कुस्करून खाल्ली.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. शेक, सराव, झोपताना कव्हर, सगळं इमानदारीने चाललंय. अडीच बोटं आत जातात. भाऊसो आठवडाभर पुण्याला लेकीकडे होता.

दुखणं : ३

६ एप्रिल, रविवार

यात्रेचे फ्लेक्स लागले. दिग्विजयचा फोटो माणसापेक्षा मोठा. त्याच्याखाली "गतवर्षीचा अजिंक्य मल्ल" असं छापलंय. बरोबरी केलेला अजिंक्य कसा, हे मी भाऊसोला विचारणार होतो. तो समोरच उभा होता. विचारलं नाही.

आणि तिथेच सापडलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे लक्ष ठेवलं होतं म्हणून सापडलं. माझे दात एकमेकांवर असे गच्च बसले होते की सोडवताना टक् असा आवाज आला. गालावर हात ठेवला तर गोळा दगडासारखा. भाऊसो फ्लेक्सची दोरी ताणायला सांगत होता आणि मी वर्षभर जे म्हणायचं ते दाढांखाली धरून उभा होतो.

दुखणं : ९

७ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी दिग्विजय आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"तात्या, यंदा मी लडत न्हाई. आमच्या बाला तुमी सांगा."

"का रं?"

"तसंच."

मी त्याला रागावलो. नाव छापलंय, जोड ठरलाय, पैलवानाने माघार घेतली तर लोक तोंडात शेण घालतील. तो ऐकून घेत होता. जाताना म्हणाला, "तुमी तर लय जवळ हुता तवा." मी म्हणालो, चहा घेऊन जा. तो गेला.

दुखणं : ८

१२ एप्रिल, शनिवार

आज लपवाछपवी बंद. ही वही बाई वाचतात, वाचू देत.

रविराजची कुस्ती चितपट झाली होती. दिग्विजयचे दोन्ही खांदे मातीला लागलेले मी बघितले. इतक्या जवळून, की त्याच्या पाठीखालची माती माझ्या बुटावर उडाली. भाऊसोने सांगितलं म्हणून मी बरोबरी म्हणालो. गाव आपलं, पोरगं आपलं, आणि माइकही गावानेच दिलेला. ज्योतिबा पागोटं काढून माझ्यासमोर आला होता. "सायेब, तुमी बगितलं न्हवं?" असं त्याने विचारलं. मी माइक दुसऱ्या हातात घेतला आणि पुढच्या सत्काराचं नाव पुकारलं.

मला लाज वाटते. मायाला वाचून दाखवलं. ती निवडत असलेलं ताट खाली ठेवून म्हणाली, "मला ठावं हाय. त्या दिशी घरी आला तवा तुमी जेवला न्हाई. पर मला सांगून काय उपेग? मी हाय का कमिटी?"

कमिटीला सांगितलं तर हे माझं शेवटचं मैदान ठरेल. या एका गोष्टीत मला नाव आहे. शेती भावांनी केली, पोरं मायाने वाढवली, मी फक्त बोललो.

दुखणं : ६

१५ एप्रिल, मंगळवार

सांगलीला जाऊन आलो. बाईंनी शनिवारचं पान वाचलं, वही मिटली. तोंड मोजलं. पावणेतीन बोटं. म्हणाल्या, "मैदान करू शकता." मी विचारलं, खरं बोललो की हे दुखणं जाईल का? म्हणाल्या, "तसं वचन मी देणार नाही. सवय वर्षाची आहे, सुटायला महिने लागतील. शेक आणि सराव काही झालं तरी सोडू नका." इतका सरळ डॉक्टर मी बघितला नाही.

दुखणं : ४

२१ एप्रिल, सोमवार

आत्ता घरी आलोय. आजच लिहितो.

दुपारपासून शंभरेक कुस्त्या झाल्या. मी नेहमीसारखा बोललो. एक नंबरच्या आधी हलगी घुमायला लागली. दोन्ही पैलवान आत आले, लढत नाही म्हणालेला दिग्विजयही. भाऊसोने मला चिठ्ठी दिली, तिच्यावर तेच लिहिलेलं. गतवर्षीचा अजिंक्य. मी हलगीवाल्यांना हाताने थांबवलं.

म्हणालो, "मंडळी, गेल्या वर्षी याच मातीत माणदेशच्या रविराजनं कुस्ती चितपट मारली होती. मी हातभर अंतरावर उभा होतो. मी बरोबरी पुकारली. ते खोटं होतं, आणि ते माझ्या तोंडून गेलं."

पुढचं बोलायच्या आत माइक बंद पडला. भाऊसोने स्पीकरवाल्याला खूण केली असणार. मग एक जण ओरडला, "म्हातारा पिऊन आलाय." भाऊसो माझ्या अंगावर धावून आला. "भाकरी ज्या गावची खातूस, त्याच गावच्या तोंडाला काळं फासतूस व्हय रं?"

तेवढ्यात दिग्विजय मधे आला. लंगोटावर, अंगाला माती लावलेला. बापाकडे बघत, माइकशिवाय, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाठ माजी हुती, बा. लागली का न्हाई, मला कळलं न्हवतं व्हय?"

भाऊसो मटकन खुर्चीत बसला. मला त्याचीही दया आली. बाप आहे शेवटी.

माइक माझ्याकडे परत आला नाही. कुस्ती लागली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी मातीच्या कडेला लोकांत बसून कुस्ती बघितली. दिग्विजयने अकराव्या मिनिटाला मारली, काय सुंदर लपेट डाव होता. सांगायला माइकवर कुणी नव्हतं.

दुखणं : ५

२७ एप्रिल, रविवार

कमिटीने कळवलं, पुढच्या वर्षी निवेदक दुसरा. आणखी दोन गावांचे फोन आले, तेही तसलेच. वाईट वाटलं. मायासमोर रडलो, ते लिहायला हरकत नाही.

आज दिग्विजयबरोबर आटपाडीच्या पलीकडे गेलो. विचारत विचारत वस्ती सापडली. ज्योतिबा मेंढरांना पाणी दाखवत होता. मला ओळखलं. बसायला घोंगडं टाकलं, पण स्वतः उभाच राहिला.

मी हात जोडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आलंय कानावर. पावण्यानं फोन केलता." रविराजने कुस्ती सोडली आहे. विट्याकडे कुणाच्या तरी टेम्पोवर आहे. दिग्विजयने तिथूनच त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलला नाही.

निघावं म्हणून उठलो, तर ज्योतिबा म्हणाला, "सायेब, एक काम करा. तवा जे म्हनायचं हुतं, ते हितं म्हना. मायकावर म्हनत्यात तसं."

"इथे? कुणासमोर?"

त्याने घराकडे बघून हाक मारली. रविराजची आई, बनाबाई, पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. दारात उभी राहिली.

मी पायातले बूट काढले. फेटा नीट केला. समोर दोन माणसं, दिग्विजय, कुत्रं आणि मेंढरं. पोटातून आवाज काढला आणि तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडून, मैदानाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं पुकारलं. "एक नंबरची कुस्ती, निकाली! घिस्सा डावावर चितपट! माणदेशचा मल्ल, ज्योतिबांचा रविराज, विजयी!" मेंढरं दचकून एका बाजूला गेली. गालात कळ आली ती आली.

दिग्विजय पुढे झाला. पंच धरतो तसा त्याने ज्योतिबाचा हात मनगटाला धरून वर केला. म्हातारा संकोचून हात खाली ओढत होता, पोरगा सोडेना.

बनाबाई नवऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "ह्ये मला त्याच दिशी सांगत हुतं, पोरानं मारली म्हनून. म्या म्हनलं, लेकाचं कवतिक हाय, लबाड बोलत्यात. वरीसभर ह्यास्नी लबाड म्हनत आले मी."

ज्योतिबा म्हणाला, "जाऊ दे गं. पावण्यांस्नी भाकरी टाक."

ती आत गेली. आम्ही तिघे घोंगड्यावर बसलो, आणि थोड्या वेळाने आतून तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. तव्यावर भाकरीही चालू होती.